जुन्या गाडीचे मागचे शॉकअप घरच्या घरी बदलताना

माझी गाडी २००१ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. एमएच-१३ म्हणजे सोलापूर पासिंग, पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत नोंदणी वाढवून घेतलेली. इंजिन अजून दुसऱ्या किकला घेतं. दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेतून आईला मागे बसवून घरी येत होतो. एका स्पीडब्रेकरवर मागून 'ठक्क' असा आवाज आला आणि पुढे दहा-बारा फूट गाडी वरखाली डुलत राहिली. आई म्हणाली, "गाडी आहे का पाळणा रे ही?" घरी येऊन टॉर्च मारून बघितलं, तर उजव्या शॉकअपची दांडी तेलानं माखलेली आणि त्यावर धुळीचा काळा थर बसलेला.

पुस्तकात शॉक ॲब्सॉर्बर लिहितात, गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात. मीही तेच म्हणणार. हे काम मी आतापर्यंत तीन गाड्यांवर केलंय, स्वतःची, मेव्हण्याची आणि शेजारच्या काकांची. पहिल्या वेळी चुका केल्या, त्याही सांगतो.

इथं सांगितलेलं मागे दोन्ही बाजूंना एकेक शॉकअप असलेल्या गाड्यांना लागू पडतं: स्प्लेंडर, पॅशन, सीडी हंड्रेड, प्लॅटिना, जुनी पल्सर, बुलेट वगैरे. सीटखाली मधोमध एकच शॉकअप असलेल्या गाडीत बरंच काही उघडावं लागतं आणि गाडी वरून टांगून धरावी लागते. तिला या माहितीवर हात घालू नका.

शॉकअपमध्ये दोन कामं चालतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. चाक दगडावर चढलं की ती दबते, आणि दबलेली स्प्रिंग तेवढ्याच जोरात उसळते. ती उसळी आवरायला आत तेलाची नळी असते. तिच्यात दांडीच्या टोकाला पिस्टन आणि पिस्टनला बारीक भोकं. तेलाला त्या भोकांतून जायला वेळ लागतो, म्हणून स्प्रिंग सावकाश परत येते. नळीच्या तोंडाचं सील झिजलं की तेल झिरपत जातं आणि शेवटी नुसती स्प्रिंग उरते. गंमत म्हणजे अशी गाडी सुरुवातीला मऊ लागते, लोक खूशही होतात. पण चाक रस्ता सोडून उड्या मारायला लागतं. उसाच्या ट्रॉलीमागून जाताना अचानक ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी टायर हवेत असला, तर तो ब्रेक काय कामाचा?

आधी खात्री करा

शॉकअप विकत घ्यायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या. मागून आवाज येतो म्हणून शॉकअप बदलले आणि आवाज तसाच राहिला, असं म्हणणारे मला बरेच भेटलेत.

सगळ्यात आधी टायरमधली हवा बघा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकाच आकड्यानं हवा भरतो. जास्त हवेनं कडक झालेला टायर अगदी खराब शॉकअपसारखे धक्के देतो. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, मागच्या सीटवर कुणी असेल तर किती, तेही तिथंच लिहिलेलं असतं.

मग गाडी स्टँडवरून काढून सरळ उभी धरा. सीटचं मागचं टोक दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि एकदम सोडा. चांगली गाडी वर येते आणि थांबते. गेलेली वर येते, परत खाली जाते, परत वर येते. त्यानंतर शॉकअपची दांडी बघा. नुसती धूळ चालते, पण तेलात कालवलेली काळी माती असेल तर सील गेलंय. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं गाडी रोज धुतली जात नाही. ही माती तपासायला तो फायदाच म्हणायचा. वॉशिंगवरून चकाचक करून आणलेल्या गाडीत गळती दिसत नाही.

आता गाडी डबल स्टँडवर घ्या. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या टोकाचा डोळा, म्हणजे तो गाडीला अडकतो ते गोल भोक, बघा. तिथं रबरी बुश असतो. तो फाटला, चपटा झाला किंवा त्याचा भुगा पडायला लागला की छोट्या खड्ड्यातही 'टक टक' असा कोरडा आवाज येतो. एवढाच दोष असेल आणि दांडी कोरडी असेल, तर फक्त बुश बदलून भागतं. ते काम स्वस्तातलं आहे. जुने बुश काढायला आणि नवे दाबून बसवायला मात्र व्हाइस लागतो, ते मेस्त्रीकडूनच करून घ्या.

शेवटी मागच्या चाकाचं टोक धरून डावीकडं-उजवीकडं हलवा. चाकासोबत चिमटाही, म्हणजे मागचं चाक ज्याच्या दोन दांड्यांमध्ये बसतं तो वरखाली हलणारा भागही (स्विंगआर्म) हलत असेल तर चिमट्याचे बुश गेलेत. चिमटा स्थिर राहून नुसतं चाक हललं तर बेअरिंग. हे दोन्ही दोष नव्या शॉकअपनं जात नाहीत, आणि ते आधी काढल्याशिवाय नव्या शॉकअपचा फरकही नीट कळत नाही.

जोडीच घ्या, आणि जुना घेऊन जा

एकच शॉकअप गळतोय म्हणून एकच बदलायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण एक बाजू ताजी आणि दुसरी दमलेली असली की चिमट्याला पीळ बसतो आणि वळणावर गाडी विचित्र वागते. दोन्ही एकदम बदला.

दुकानात गाडीचं नाव सांगितलं की माणूस लगेच डबा पुढे करतो. त्यावर भागवू नका. एका दुकानातून मी 'सेम टू सेम, फक्त नाव वेगळं' अशी जोडी घेतली होती, चार महिन्यांत दोन्ही गळायला लागले. तेव्हापासून माझा नियम असा: गाडीच्या कंपनीचा पार्ट, नाहीतर गाडी-कंपन्यांना शॉकअप पुरवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा. एनड्युरन्स आणि गॅब्रिएल ही नावं कुठलाही मेस्त्री सांगेल.

काउंटरवर तीन गोष्टी मोजून बघा. पहिली, वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. शॉकअप मोकळा असताना ही लांबी आतली दांडी ठरवते, त्यामुळं जुनी स्प्रिंग कितीही बसलेली असली तरी जुन्या-नव्याची लांबी सारखीच यायला हवी. बोटभर फरक निघाला तर पार्ट दुसऱ्या गाडीचा आहे. दुसरी, डोळ्यातल्या लोखंडी नळीचं भोक. ते मोठं असेल तर शॉकअप बसतो, पण खुळखुळतो. तिसरी, खालचं टोक. काहींना डोळा असतो, काहींना दोन पाकळ्यांची खाच. आता तुम्ही म्हणाल, जुना शॉकअप काढून दुकानात नेला तर गाडी कशावर उभी? डबल स्टँडवर एकच बाजू काढलेली चालते, फक्त गाडी चालवायची नाही. मी जुना शॉकअप पिशवीत घालून शेअर रिक्षानं गेलो होतो. रिक्षावाल्यानं मांडीवरच्या पिशवीकडं बघून विचारलं, "काय बे, बकरा कापला का काय?"

जुना शॉकअप उघडून, तेल भरून, नवं सील घालून देणारेही भेटतात. मोठ्या गाडीच्या महागड्या शॉकअपला ते परवडतं. शंभर सीसीच्या गाडीला मी ते करणार नाही. आणि घरी तर स्प्रिंग उघडायचा विचारही नको. ती आत दाबून बसवलेली असते, स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार (स्प्रिंग कॉम्प्रेसर) न लावता वरची टोपी सोडली तर दात पाडेल एवढ्या जोरानं सुटते. बाजूला वेगळी नळकांडी असलेले गॅसचे शॉकअप, जुन्या काही पल्सरवर दिसतात तसे, त्यांच्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो. त्यांना भोक पाडणं, तापवणं, आगीत टाकणं यातलं काहीही करू नका.

काय काय हवं

१४ आणि १७ चे रिंग पाने बहुतेक गाड्यांना पुरतात, तरी आधी आपल्या नटावर लावून बघा. सगळं एकाच मापाचं असेल असं धरू नका. रिंग पानाच घ्या, फिक्स पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. शिवाय गंजावर मारायचा स्प्रे, लाकडाचा एक ठोकळा, छोटा हातोडा, तारेचा ब्रश, ग्रीसची डबी. चाकाखाली सरकवायला फळीचे दोन-तीन तुकडे किंवा एखादी वीट. खाली अंथरायला जुनी सोलापुरी चादर. हे गमतीनं म्हणत नाही, पडलेला वायसर चादरीवर सापडतो, अंगणातून गटारीत गेलेला सापडत नाही.

वेळ सकाळची धरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, अकरानंतर उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही. सायलेन्सरही पूर्ण गार हवा, कारण उजव्या बाजूचं काम त्याला खेटूनच असतं.

आदल्या रात्री

सगळ्या कामात अवघड गोष्ट एकच असते, वीस-बावीस वर्षं न हललेला नट. तो सुटला की बाकीचं काम वीस मिनिटांचं.

आदल्या संध्याकाळी चारही ठिकाणची माती तारेच्या ब्रशनं काढा आणि स्प्रे मारा. रात्री झोपताना परत एकदा. स्प्रे नटाच्या आट्यांवर तर माराच, पण डोळ्यातली लोखंडी नळी आणि तिच्यातून जाणारा गाडीचा खांब यांच्या फटीतही मारा. खरा गंज तिथं धरतो. नट निघतो आणि शॉकअप मात्र खांबावर चिकटून बसतो, असं बऱ्याचदा होतं.

सकाळी पाना लावून एकदम झोक देऊ नका. नटाच्या बाजूला हातोडीनं हलके चार ठोके द्या, मग दाब वाढवत न्या. जरासा हलला की सोडायच्या उलट, आवळायच्या दिशेनं थोडा फिरवा, स्प्रे मारा, पुन्हा सोडा. असं मागेपुढे करत आणा. पान्यावर पाईप चढवून जोर करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की वरचा खांब चॅसीला पक्का असतो. तो तुटला तर वेल्डिंग आणि लेथचं काम निघतं, आणि मग नव्या शॉकअपपेक्षा जास्त पैसे जातात.

खांबावर चिकटलेला शॉकअप हातात धरून पिळल्यासारखा डावी-उजवीकडं फिरवा आणि फिरवताना स्वतःकडं ओढा. तरीही नाही आला, तर आतल्या बाजूनं लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. खांबाच्या टोकावर थेट हातोडा घालायचा नाही, आटे बसतात. ठोकायचंच असेल तर नट टोकाला समपातळीत परत चढवून मग. आणि गॅसची बत्ती लावून तापवायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. वरचा नट पेट्रोलच्या टाकीपासून फार लांब नसतो आणि शॉकअपच्या आत तेल असतं.

एका वेळी एकच बाजू

माझी पहिली चूक इथली. उत्साहात मी दोन्ही शॉकअप काढून चादरीवर शेजारी शेजारी मांडले आणि फोटोही काढला. मागं वळून बघतो तर चाक खाली टेकलेलं, चिमटा लोंबतोय, चेन ताणलेली. मग मी चाक उचलून धरलंय, शेजारचे काका भोक जुळवतायत, आणि भोक काही जुळत नाही, असा पाऊण तास गेला. एक बाजू बसलेली असली की ती चिमट्याला जागेवर धरून ठेवते, दुसऱ्या बाजूचं भोक आपोआप जवळपास जुळतं.

तर गाडी सपाट, टणक जागी डबल स्टँडवर घ्या. काळ्या मातीच्या अंगणात स्टँड रुततं, फरशी बघा. पुढच्या चाकाला दगड लावा. मागच्या चाकाखाली फळीचे तुकडे असे सरकवा की चाक नुसतं टेकेल, उचललं जाणार नाही. मग चाकाचं वजन बोल्टवर लटकत नाही आणि बोल्ट सहज सरकतो.

डाव्या बाजूपासून सुरू करा. तिथं साडी गार्ड असतो. काही गाड्यांत त्याची पट्टी शॉकअपच्या आड येते. तो ढिला करा किंवा काढा, पण भंगारात देऊ नका. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे असावंच लागतं. ओढणी चाकात गेलेली एकदा बघितली की नियमाची गरज कळते.

मोबाईलवर जवळून फोटो काढा: वर कोणता वायसर आत, कोणता बाहेर, कॅरियरची किंवा मागच्या पकडीची पट्टी कुठल्या थरात. वरचा टोपीनट आणि खालचा बोल्ट आधी दोन्ही फक्त ढिले करा. मग खालचा काढा, नंतर वरचा, आणि शॉकअप सरळ बाहेर ओढा.

मोकळा झालेला खांब ब्रशनं घासा, कापडानं पुसा आणि ग्रीसचा पातळ हात फिरवा. नव्या शॉकअपच्या लोखंडी नळीतही बोटभर ग्रीस. रबराला मात्र लावू नका, साधं ग्रीस रबर फुगवतं. पुढच्या वेळी हे काम तुम्हालाच करायचं असेल, तेव्हा या ग्रीसची किंमत कळेल.

नवा शॉकअप घालायच्या आधी त्यावर 'एल' 'आर' किंवा वर-खालीची खूण आहे का बघा. आधी वरचा डोळा खांबावर सरकवा, वायसर लावा, टोपीनट हातानं चार आटे फिरवा. मग खालचं भोक जुळवा. थोडं वर-खाली असेल तर फळी सरकवून किंवा पायानं चाक किंचित उचलून जुळतं. बोल्ट हातानं आत जायला हवा. हातोडीनं घातलात तर आटे तिरपे जातात. आता दोन्ही पान्यानं बेताचे आवळा, शेवटचा जोर अजून द्यायचा नाही.

उजवी बाजू तशीच. काही गाड्यांत सायलेन्सरमुळं खालच्या बोल्टला पाना बसत नाही. तेव्हा सायलेन्सरचा मागचा बोल्ट काढून त्याला थोडं खाली झुकू द्या. लोंबकळत ठेवू नका, खाली वीट द्या.

दोन्ही बसल्यावर फळ्या काढा आणि गाडी स्टँडवरून उतरवा. कुणाला तरी सीटवर बसवा आणि या स्थितीत चारही ठिकाणी शेवटचा जोर द्या. हवेत लटकलेल्या चाकावर पक्कं आवळलं तर वजन आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, म्हणून मी हे असं करतो. जोर म्हणजे एका हाताचा, नेहमीच्या लांबीच्या पान्यावर.

बसवल्यावर

नवे शॉकअप डब्यात आडवे पडून असतात, तेलात हवा शिरलेली असते. सीट दहा-बारा वेळा पूर्ण दाबून सोडा. पहिले दोन-चार दाब मोकळे वाटतील, मग आवरलेले लागतील.

खालच्या बाजूला पायऱ्यांची कडी असेल तर ती स्प्रिंगचा ताण ठरवते. बऱ्याच शॉकअपवर पाच घरं असतात. एकटे फिरत असाल तर मऊ बाजूचं पहिलं किंवा दुसरं, मागे माणूस किंवा ज्वारीचं पोतं असेल तर तिसरं-चौथं. टूलकिटातल्या वाकड्या पान्यानं ती फिरते. दोन्ही बाजूंचं घर एकच ठेवा. पाचव्यावर ठेवून 'गाडी आता भारी झाली' म्हणणारे आहेत, त्यांची कंबर त्यांना लखलाभ.

मागची बाजू उंचावली की दोन गोष्टी बदलतात आणि त्या कुणी सांगत नाही. एक, चेनची ढील. ती पुस्तिकेतल्या मापात आहे का तपासा. अशा गाड्यांना साधारण दोन ते तीन सेंटीमीटर असते. दुसरी, हेडलाईट. दमलेल्या शॉकअपमुळं माझ्या गाडीचा लाईट झाडांच्या शेंड्यांवर पडायचा, म्हणून मी कधीतरी तो खाली वाकवला होता. नवे शॉकअप घातल्यावर तो पुढच्या चाकासमोरच पडायला लागला. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून तो परत वर घेतला.

पहिली फेरी गल्लीतच मारा, एक-दोन स्पीडब्रेकर मुद्दाम घेऊन. आवाज आला तर नव्वद टक्के वेळा वायसर विसरलेला असतो किंवा साडी गार्ड घासतो. सगळं ठीक असेल तर एखादी लांबची फेरी करा. आईला घेऊन मी तुळजापूरला गेलो होतो, जाऊन येऊन नव्वदेक किलोमीटर. परतल्यावर गाडी गार होऊ दिली आणि चारही नटांना पाना लावला. उजवीकडचा खालचा पाव वळसा आवळला गेला, बाकीचे हलले नाहीत.